मदत हवी आहे: विचित्र इंग्रजी लिपीतलं लहान मुलांचं जुनं पुस्तक. वाचायचं कसं, टिकवायचं कसं?

पाटीपेन्सिल
इंग्लंडमधल्या लेस्टरच्या एका चॅरिटी शॉपमधलं (दान आलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातलं) पुस्तक आहे. ३२ पानं, मऊ पुठ्ठ्याचं कव्हर, मधोमध दोन पिना, दोन्ही गंजलेल्या. चित्रं नेहमीचीच: मुलगा, मुलगी, कुत्रा. मजकूर मात्र इंग्रजी वाटतो आणि वाटतही नाही. कॅपिटल अक्षर एकही नाही. ए आणि ई एकमेकांना चिकटलेले, 'वॉज'च्या शेवटी आरशात बघावा तसा उलटा झेड. मागे किंमत २/६, आत शाळेचा शिक्का. आइसलँडिक आहे का? की आयपीए (आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी)? आणि याला मोल किती?

लिपीवेडा
दोन्ही नाही. ही आय.टी.ए., म्हणजे इनिशियल टीचिंग अल्फाबेट. सर जेम्स पिटमन यांची. आपल्याकडच्या शॉर्टहँड क्लासमुळे जे पिटमन माहीत आहेत, त्या आयझॅक पिटमन यांचे हे नातू. ब्रिटनमधल्या शाळांत १९६१ पासून प्रयोग सुरू झाला. मुलांनी आधी या लिपीत वाचायला शिकायचं आणि साधारण सातव्या वर्षापर्यंत नेहमीच्या स्पेलिंगवर यायचं, अशी योजना.

एकूण चिन्हं ४४: रोमनमधली २४ (क्यू आणि एक्सला रजा) आणि नवी २०. कॅपिटलचं म्हणाल तर वाक्याची सुरुवात परत बघा. तेच अक्षर, पण मोठ्या आकारात छापलेलं सापडेल.

वाचताना:
- चिकटलेले ए-ई म्हणजे 'प्ले'मधला स्वर.
- टी-एचची दोन जोडचिन्हं आहेत. एक 'दिस'चं, एक 'थिन'चं. इंग्रज मुलाला हा फरक मुद्दाम शिकवावा लागतो, आपल्याला द आणि थ आधीच वेगळे.
- 'बॉक्स' बी-ओ-के-एस असा, 'सेड' एस-ई-डी असा.
- उच्चार झ, पण नेहमीच्या स्पेलिंगमध्ये एस, तिथे उलटा झेड.

फसगत कुठे होते? 'एक ध्वनी, एक चिन्ह' असं धरून बसलात की. सी आणि के दोन्ही ठेवलेत, 'रॅबिट'मधले दोन बीसुद्धा. हे मुद्दाम आहे. ओळीचा खालचा अर्धा भाग पोस्टकार्डाने झाका, वरचा अर्धा बराचसा ओळखीच्या इंग्रजीसारखा दिसेल. पुढे लिपी बदलताना मुलाचा डोळा अडू नये म्हणून ही सगळी खटपट.

जुनंपुस्तक
सालाबद्दल: २/६ म्हणजे अडीच शिलिंग. ब्रिटनमध्ये दशमान चलन १५ फेब्रुवारी १९७१ ला लागू झालं, म्हणजे छपाई त्याआधीची. नऊ आकडी एसबीएन (पुस्तकावरचा ओळख क्रमांक) असेल तर साठच्या दशकाची अखेर किंवा थोडं नंतरचं, दहा आकडी आयएसबीएन असेल तर १९७० किंवा त्यानंतरचं.

मोलाबद्दल हुरळू नका. शाळांसाठी छापलेली पुस्तकं ही, 'दुर्मीळ' हा शब्द विकणारे सढळ हाताने वापरतात. मागितलेली किंमत बघू नका, झालेल्या विक्रीची बघा. लेडीबर्ड या ब्रिटिश बालपुस्तक प्रकाशकांच्या आय.टी.ए. आवृत्त्यांना संग्राहक विचारतात. शिक्का खोडू नका, खोडलं की कागदाचा पापुद्रा निघतो आणि पुस्तक कुठून आलं याचा पुरावाही जातो.

बांधणीवाला
पिना ओढून काढू नका. गंजलेली पिन मोडते आणि सोबत कागद घेऊन जाते. पुस्तक मधल्या पानावर उघडा. पिनेच्या वळलेल्या पायांखाली पातळ पॉलिस्टर फिल्मचा तुकडा सरकवा. बोथट पातळ पात्याने पाय एकेक करून उभे करा. मग कण्याकडून पिन अलगद उचला. गंजाची पूड मऊ ब्रशने झाडा, पाणी लावू नका, डाग पसरतो. त्याच भोकांतून सुती किंवा लिननचा दोरा ओवा आणि गाठ आतल्या बाजूला, सैलसर. दोरा करकचून ओढला की भोकापासून कागद फाटतो. फाटलेल्या जागी जपानी टिश्यू (दुरुस्तीचा पातळ, चिवट कागद) आणि गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ. सेलोटेप नको, लॅमिनेशन तर नकोच नको.

लिपीवेडा
स्कॅन करणार असाल तर ६०० डीपीआय, ग्रेस्केल. ओसीआरच्या (स्कॅनमधली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) नादी लागू नका, जोडचिन्हांचा पार भुगा करतं. ३२ पानं हाताने उतरवून होतील. अख्खा स्कॅन नेटवर मात्र टाकू नका, ब्रिटनमध्ये लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं कॉपीराइट असतो.

काना_मात्रा
थोडं अवांतर: सावरकरांची अ ची बाराखडी (अि, अी, अु, अू) आठवली. पण तिथे चिन्हं कमी करायची होती, इथे वाढवलीत.

पाटीपेन्सिल
सगळ्यांचे आभार. पहिलं पान जमलं, पण पहिलाच शब्द अडलाय: डब्ल्यू-यू-एन-एस. 'वन्झ' काय?

लिपीवेडा
एस सरळ आहे ना? मग झ नाही, स. मोठ्याने म्हणा: 'वन्स'. गोष्ट सुरू झाली.