‘द्विगुणन’ की ‘दुप्पटीकरण’?

मृद्गंध : बिनबियांच्या कलिंगडावरील लेखाचा अनुवाद करताना अडले आहे. साध्या कलिंगडाच्या पेशीत २२ गुणसूत्रे असतात, म्हणजे तो वेल द्विगुणित, गुणसूत्रांचे दोन संच असलेला, असतो. कोवळ्या रोपाच्या शेंड्यावर कॉल्चिसीन या रसायनाचे द्रावण सोडले की ती ४४ होतात आणि वेल चतुर्गुणित होतो. पुढे त्याचा साध्या वेलाशी संकर केला की ३३ गुणसूत्रांचे वंध्य वाण मिळते. या प्रक्रियेला मी ‘द्विगुणन’ म्हटले, तेव्हा द्विगुणन करून चतुर्गुणित कसे होते, असे संपादकांनी विचारले. ‘दुप्पटीकरण’ चालेल का?

बीजांकुर : तेच लिहावे. ‘-गुणित’ हे पद संचांची संख्या सांगते, क्रिया नव्हे. मक्याच्या एकगुणित रोपांवर हीच प्रक्रिया केली की द्विगुणित रोपे मिळतात. ‘द्विगुणन’ तिथे शोभते, कलिंगडात गोंधळ करते.

तर्कू : प्रत्येक क्रियेला ‘-करण’ जोडण्याची ही सवय मला मान्य नाही. ‘बे दुणे चार’ मधला ‘दुणे’ द्विगुणातूनच आला, आणि संस्कृतात ‘गुण’ म्हणजे दोरीचा पदरही होतो. ‘गुणसूत्रे दुणावतात’ असे लिहिले तर कोणत्या वाचकाला कळणार नाही?

बीजांकुर : आनंद दुणावतो, तसा आपोआप. इथे माणूस ते घडवून आणतो, हा फरक शब्दात दिसला पाहिजे.

रानहळद : मुळात कॉल्चिसीन काहीच दुप्पट करत नाही. गुणसूत्रांच्या प्रती पेशी विभाजनापूर्वी स्वतःच तयार करते. कॉल्चिसीन ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटते, त्यामुळे विभाजनात गुणसूत्रांच्या प्रती दोन बाजूंना ओढणारे तंतू (पेशीतल्या ‘तर्कू’चे) उभे राहत नाहीत आणि वेगळ्या व्हायच्या प्रती एकाच केंद्रकात राहतात. १९३७ साली ब्लेक्सली आणि एव्हरी या शास्त्रज्ञांनी या रसायनाचा हा उपयोग दाखवून दिला, तेव्हापासून सगळे ‘दुप्पट’ म्हणत आले आहेत. माझ्या मते मराठीने तरी ‘विभाजनरोध’ म्हणावे.

तर्कू : ते कारण झाले, मृद्गंध यांना परिणामाचे नाव हवे आहे. शिवाय कॉल्चिसीन आपल्याकडच्या कळलावी या वेलीतही असते, हे लेखात यायला हवे. भांडणाची कळ लावते म्हणून ती कळलावी, असे आमची आजी सांगे.

रानहळद : ती कळ भांडणाची नव्हे. प्रसूतीच्या कळा याव्यात म्हणून तिच्या कंदाचा लेप लावण्याची जुनी प्रथा आहे, आणि नाव त्यावरूनच पडले असले पाहिजे. कंद अतिशय विषारी असतो, एवढे मात्र लेखात जरूर लिहावे.