चढणीचे मासे धरायचे की जाऊ द्यायचे?

गळकरी:
मृगाचे दोन दणदणीत पाऊस पडले की आपल्या नाशिककडे एकच निरोप फिरतो, 'चढण लागली', म्हणजे मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध ओहोळात चढू लागले. चांदोरी-सायखेड्यापासून दारणेच्या ओहोळांपर्यंत माणसं रात्री बॅटऱ्या घेऊन उतरतात. मीही उतरायचो, खोटं कशाला सांगू. मागच्या वर्षी एका ओहोळाच्या तोंडाला कुणीतरी आडवी मच्छरदाणी बांधलेली पाहिली. सकाळी तिच्यात मळ्या, शिंगटी असले मासे, खेकडी, बेडकाची पोरं, सगळा खिचडा होता. निवडून घेतलं ते दीड-दोन किलो, बाकी पाटीभर तसंच चिखलात. मी घरी नेलेल्या एका शिंगटीचं पोट चिरलं तर नुसती गाभोळी, अंडीच अंडी. बायको म्हणाली, हिला अजून चार दिवस तरी द्यायचे होते.

माझं म्हणणं सरळ आहे. मृगापासून जुलै संपेपर्यंत नदीत आणि ओहोळात गळ नाही, जाळं नाही. समुद्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असतेच. मग आपल्या गंगेने, म्हणजे गोदावरीने, काय घोडं मारलंय?

पंचवटीकर:
भाऊ, भावना पोचल्या, पण चोर सोडून संन्याशाला फाशी देताय. उन्हाळाभर नाल्यांमध्ये जो गाळ साचतो तो पहिल्या पावसात एकदम नदीत येतो. तो कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतो आणि मासे तोंड वर काढून मरतात. गोदेतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की पूर बघायला आपण मोबाइल घेऊन धावतो, पण त्याच्या आधीच्या आठवड्यात तपोवनाच्या खाली काय तरंगत असतं ते कुणी पाहत नाही. गोदेला मिळणारी नासर्डी नदी काय घेऊन येते ते विचारूच नका. आणि चढायचं म्हणता, ते चढणार कुठे? वर गंगापूर धरणाची मातीची भिंत, खाली नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा. माशाला वर जायला जिना ठेवलाय कुणी?

गळकरी:
जिना नाही म्हणूनच तर जे चार ओहोळ मोकळे आहेत त्यांची तोंडं तरी बांधू नका म्हणतोय. सांडपाण्याशी भांडायला मीही येतो. पण ते थांबेपर्यंत उरलेली मादी खायचीच, हा कुठला न्याय?

भोयाचा_नातू:
दोघांचं वाचलं. आता ज्याच्या घरी यावर चूल पेटते त्याचंही ऐका. माझे आजोबा फेकजाळं टाकायचे, वडील टाकतात. धरणाचा ठेका सोसायटीला जातो, तिथे आम्हाला दारात उभं करत नाहीत. नांदूरमध्यमेश्वरला 1986 साली अभयारण्य झालं. पाणपक्षी वाचले, चांगलंच झालं, पण तेव्हा आमच्यासारख्यांना कुणी विचारलं होतं का? समुद्राची बंदी सांगता, तिथला माणूस दहा महिने समुद्रावर कमावतो. इथे वर्षातले हे पंधरा दिवस हाताला दोन पैसे लागतात, आणि तुम्ही पाच हजारांची काठी घेऊन रविवारी येणारे आम्हाला शिकवणार.

आणि एक सांगतो. मच्छरदाणी आमची नाही. आमच्या जाळ्याचा आस, म्हणजे भोक, दोन बोटं आत जातील एवढा असतो. बारकं पोर धरलं तर आजोबा काठावरच शिव्या घालायचे, पुढच्या वर्षी काय धोंडे विकणार म्हणून. मच्छरदाणी लावतात ते हौशी आणि पार्टीवाले.

आखाडप्रेमी:
एवढी चर्चा कशाला? आपल्या पूर्वजांनी आधीच सोय करून ठेवली आहे. श्रावण पाळा, मासे आपोआप वाचतात.

पंचवटीकर:
दादा, पंचांग उघडा. चढण लागते ज्येष्ठ-आषाढात. श्रावण येईपर्यंत अंडी घालून मासा परतीला लागलेला असतो. उलट श्रावण येणार म्हणून आपण आखाड जोरात साजरा करतो, म्हणजे नेमकी गाभोळीवाली मादी ताटात. सोय पूर्वजांनी केली असेल, पण माशाला विचारून केलेली दिसत नाही.

शेततळे_निफाड:
मला हा वादच कळत नाही. बीज, म्हणजे माशांची पिल्लं, सोडा ना नदीत दरवर्षी, रोहू, कटला, मृगळ. आमच्या तळ्यात सोडतो तसं. धरा मग हवे तेवढे.

गळकरी:
काका, रोहू-कटला मुळात उत्तरेकडच्या नद्यांचे. साचलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत, म्हणून तर 1957 साली कटकला इंजेक्शन देऊन प्रजनन करायची पद्धत बसवली आणि तेव्हापासून बीज पिशवीतून मिळायला लागलं. तळ्याला ते ठीक आहे. पण मळ्या, वाम, शिंगटी यांचं बीज कोण पिशवीत आणून देतो? ते ओहोळातच तयार होणार. त्यातून तळी फुटली की चिलापी (तिलापिया मासा) नदीत येते ते वेगळंच. 1952 मध्ये आफ्रिकेतली ही बया देशात आणली, पोरं तोंडात सांभाळते, कुठेही वाढते. ती बारा महिने धरा, माझी हरकत नाही.

वाळूचा_काठ:
आणि ते 'धरा, फोटो काढा, सोडा' वाले? गळ टाळूत घुसवून, कोरड्या हातांनी पाच मिनिटं मिरवून सोडायचा, याला दया म्हणायची का? खायचा असेल तर धरा, नाहीतर काठावर बसून शेंगा खा.

गळकरी:
कोरड्या हातांबद्दल मान्य, अंगावरचा चिकट थर निघतो आणि मासा नंतर मरतो. शेंगांबद्दल बघू.

भोयाचा_नातू, तुमचं वाचून माझं म्हणणं बदलतो. पोटासाठी फेकजाळं टाकणाऱ्याला बंदी नको. बंदी आम्हा हौशी लोकांना आणि मच्छरदाणीला. बॉम्ब आणि विष टाकून मासे मारायला तर 1897 च्या कायद्यापासून मनाई आहे, तरी ओहोळात पावडर टाकतातच.

भोयाचा_नातू:
हे चालेल. पण कागदावर नको. मागच्या पावसाळ्यात आमच्या पोरांनी दोन मच्छरदाण्या कापल्या तर पार्टीवाले अंगावर आले. यंदा तुमच्यातले चार-पाच जण रात्री सोबत उभे राहणार असतील तर बोला.

गळकरी:
मी येतो. कुठला ओहोळ?

भोयाचा_नातू:
फोनवर सांगतो. इथे नाव टाकलं तर रविवारी अर्धं नाशिक पाट्या घेऊन तिथे उतरेल.