गिअरबॉक्समध्ये पाणी शिरलंय: ऑइल बदलून भागेल की खोलावाच लागेल?

नमस्कार मंडळी,

जाणकारांची मदत हवी आहे, आणि जरा तातडीने. गाडी वडिलांनी जिवापाड जपलेली, पाच गिअरची, फ्रंट व्हील ड्राइव्ह हॅचबॅक. नऊ दिवसांपूर्वी मुसळधार पावसात पुलाखालच्या रस्त्यावर साठलेल्या पाण्यात अडकलो. त्याआधी तासभर सलग चालवत होतो, म्हणजे खालचं सगळं चांगलंच तापलेलं. पाणी अर्ध्या चाकाच्या वर चढलं तसं मी इंजिन बंद केलं. गाडी ओढून बाहेर काढेपर्यंत वीसेक मिनिटं गेली.

इंजिनात पाणी गेलं नव्हतं. एअर फिल्टर कोरडा, डिपस्टिकवर ऑइल स्वच्छ. तेवढ्यावर मी निर्धास्त झालो. गिअरबॉक्स बघायचं ना मला सुचलं, ना मेकॅनिकला. पुढच्या आठवड्यात गाडी साधारण सव्वाशे किलोमीटर चालली. मग सकाळी थंड असताना दुसरा गिअर अडायला लागला. न्यूट्रलला क्लच सोडला की बारीक घरघर, दाबला की आवाज बंद.

दोन दिवस गाडी उभी ठेवून काल ड्रेन बोल्ट (ऑइल सोडायचा तळाचा बोल्ट) काढला. आधी जवळजवळ नुसतं मातकट पाणी आलं, पेलाभर तरी असेल. त्यामागून करडं-पांढरं, फेसाळ, दाट ऑइल. बोल्टच्या चुंबकावर राखाडी लेप आहे. बोटांत चोळून पाहिला तर मऊ लागतो, कपचे नाहीत.

आता एक जण म्हणतो चालवत राहा, गरम होऊन पाणी उडून जाईल. दुसरा म्हणतो आत रॉकेल घालून धुऊन काढू. तिसरा म्हणतो गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय गत्यंतर नाही. कोणाचं ऐकू? आणि इतकं पाणी आत गेलं कुठून? खालून एक थेंबही ऑइल गळत नव्हतं.

प्रतिसाद १

पाणी कुठून गेलं ते आधी, कारण ती वाट बंद केली नाहीत तर पुढच्या पावसात पुन्हा हेच होईल. गिअरबॉक्सच्या वरच्या अंगाला ब्रीदर असतो, छोट्या टोपीची नळी. आतली हवा तापून फुगली की तिथून बाहेर पडते. तापलेलं हाउसिंग एकदम गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते. समजा ८० अंशांवरून ३० अंशांवर आली, तर दाब सातव्या हिश्शाने उतरतो, आणि गिअरबॉक्स मिळेल तिथून ओढून घेतो. ब्रीदर बुडाला असेल तर तिथून, चिखलाने बुजला असेल तर ड्राइव्ह शाफ्टच्या (चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांच्या) सीलमधून. ही सील ऑइल आत धरून ठेवायला केलेली असतात. म्हणून ऑइल गळत नाही आणि पाणी मात्र शिरतं.

चालवून पाणी उडवायचा नाद सोडा. साध्या चालवण्यात गिअर ऑइल सहसा १०० अंशांच्या खालीच राहतं. थोडीफार वाफ झाली तरी ती वरच्या झाकणाला लागून पुन्हा थेंब होऊन खाली येते. तोवर गिअरच्या दातांवर आणि बेअरिंगमध्ये ऑइलचा थर नीट टिकत नाही, आणि उभ्या गाडीत गंज चढतो. रॉकेल घालून चालवणं तर त्याहून वाईट, त्यात वंगण म्हणून काहीच उरत नाही.

आधी फिलर बोल्ट (ऑइल भरायचा, वरचा) सैल होतो का पाहा, मगच ड्रेन बोल्टला हात लावा. खालचं सगळं ओतून दिलं आणि वरचा बोल्ट गंजून बसलेला निघाला, तर गाडी तिथेच अडकते. रात्रभर निथळू द्या. मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच ऑइल फिलरच्या काठापर्यंत भरा. पाच-सात किलोमीटर सगळे गिअर वापरत सावकाश चालवा आणि गरम असतानाच सोडा. पुन्हा भरा. ऑइल दुधाळ यायचं थांबेपर्यंत हेच करायचं, बहुधा तीन वेळा. धुण्यापुरतंसुद्धा भलत्या ग्रेडचं भरू नका. जीएल-४ आणि जीएल-५ हे गिअर ऑइलचे दर्जे; जीएल-४ सांगितलं असेल तिथे अनेक जीएल-५ ऑइलमधली गंधकयुक्त रसायनं पितळी सिन्क्रो रिंगांना (गिअर अलगद पडावा म्हणून असलेल्या कड्यांना) बाधतात. ड्रेनचा वॉशर नवा घाला.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण घरघरीकडे दुर्लक्ष नको. क्लच दाबला की आवाज थांबतो, म्हणजे इनपुट शाफ्टच्या (क्लचकडून गिअरबॉक्समध्ये येणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगवर पहिला संशय. त्याला खड्डे पडले असतील तर नवं ऑइल ते भरून काढत नाही. शेवटचं ऑइल स्वच्छ आल्यावर थेंबभर तापलेल्या तव्यावर टाका. तडतडलं तर पाणी अजून आहे. चेहरा लांब ठेवा. पाण्यात उभी राहिलेली गाडी आहे, तेव्हा चाकांचे बेअरिंग आणि स्टार्टरही एकदा बघून घ्या.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. ब्रीदरची टोपी चिखलाने गच्च होती. साफ केली, आणि त्याला रबरी नळी जोडून तिचं तोंड बॉनेटखाली उंचावर नेलं. तीनदा ऑइल बदललं. दुसऱ्या वेळी फिकट करडं होतं, तिसऱ्या वेळी पारदर्शक, तव्यावर आवाज नाही. दुसरा गिअर आता थंडीतही सुरळीत पडतो. घरघर मात्र तशीच आहे. त्यामुळे गिअरबॉक्स उतरवून इनपुट शाफ्टचे बेअरिंग आणि सगळी सील बदलायचं ठरवलंय. तोवर गाडी उभीच ठेवतो. उतरवायचाच आहे तर क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंगही (क्लच दाबल्यावर काम करणारं) बदलावं, की आधी उघडून पाहून ठरवू?

प्रतिसाद १

रिलीज बेअरिंग बदलाच, त्यातलं ग्रीस पाण्याने गेलेलं असणार. क्लच प्लेट जाडी मोजून ठरवा. इनपुट शाफ्टचं जुनं बेअरिंग फेकू नका, त्याच्या गोळ्यांचा आणि वाटीचा फोटो इथे टाका.