लेवितानच्या 'सोकोल्निकी'मधली ती बाई कुठे चाललीय?

बोरकूट:
चित्रातलं मला फार कळत नाही हे आधीच सांगतो. रद्दीवाल्याकडे जुन्या सोव्हिएत पोस्टकार्डांचा गठ्ठा मिळाला, त्यात रशियन चित्रकार इसाक लेवितानचं 'शरदातला दिवस. सोकोल्निकी' (१८७९) निघालं, सोकोल्निकी म्हणजे मॉस्कोतली बाग. दोन्हीकडे उंच काळपट पाइन, कडेने पिवळी पडलेली कोवळी झाडं, वळत जाणारी वाट आणि त्या वाटेवरून काळ्या कपड्यातली एक बाई आपल्याकडे चालत येतेय, बस. काहीच घडत नाही तरी चार दिवस ते कार्ड टेबलावरून हलवलं नाही. असं का होतं? आणि नेटवर कुणी याला इम्प्रेशनिस्ट म्हणतं, ते बरोबर आहे का? जाणकारांनी जरा उलगडून सांगा.

टर्पेंटाइन:
इम्प्रेशनिस्ट म्हणजे बारकावे न रेखाटता मोकळ्या ब्रशने क्षणाचा उजेड पकडणारी पॅरिसची मंडळी, याला तसं म्हणायला माझी जीभ अडखळते. हे काढलं तेव्हा लेवितान १९ वर्षांचा पोरगा, मॉस्कोच्या कलाशाळेत शिकत होता आणि पॅरिस त्याने पाहिलं ते दहाएक वर्षांनी. तिथल्या मंडळींचं पहिलं प्रदर्शन १८७४चं, पण हे त्यांच्याकडून उचललेलं वाटत नाही. त्याचे गुरू साव्रासोव्ह पोरांना शहराबाहेर हाकलायचे, जा, बघा आणि काढा म्हणून, हे बघणं तिथून आलंय. पण हात मोकळा आहे हे खरं. ढग आणि पाइनचे शेंडे बघा, पानं मोजत बसलेला नाही, ब्रश सरळ ओढलाय, म्हणून तर वारा वाहतोय असं वाटतं. मूळ चित्र जेमतेम ६३.५ बाय ५० सेंमी आहे, फोटोत उगाच भव्य वाटतं.
आता गंमत. ती बाई लेवितानने काढलेलीच नाही! ती त्याच्या वर्गमित्राने, निकोलाय चेखोव्हने काढली. लेखक अंतोन चेखोव्हचा थोरला भाऊ.

आजोळ:
क्काय! म्हणजे आपण जिच्यासाठी हळवे होतोय ती मागाहून चिकटवलेली?
एक करून बघा, अंगठ्याने तिला झाका. मी आत्ता केलं. वाट उरते, छान आहे, पण नुसतंच पार्कचं चित्र होतं. अंगठा काढला की लगेच झाडं उंच होतात आणि थंडी वाजायला लागते. चेहरा नीट दिसतच नाही त्यामुळे ती दुःखी आहे की घरी चहा पाजळायला निघालीय ते ज्याने त्याने ठरवायचं.

टर्पेंटाइन:
चहा पाजळायला =)) समोवार (चहाचं पाणी उकळायचं रशियन भांडं) पेटवायला असेल तर चालेल.

काठावरचा:
माझं मत उलटं आहे, राग मानू नका. बाई नसती तर चित्र जास्त धाडसी झालं असतं. एकटेपणा दाखवायला माणूस उभा करावा लागणं ही सोय झाली. लेवितानलाही पुढे ते पटलं असावं, कारण नंतरच्या त्याच्या निसर्गचित्रांत माणूस शोधावा लागतो. हे त्याचं माणूस असलेलं एकुलतं एक निसर्गचित्र असं सगळीकडे छापतात ते मात्र चूक, १८९२च्या 'व्लादिमिरका'त लांब वाटेवर एक ठिपक्याएवढी यात्रेकरू बाई आहे.
आणि त्या वर्षी काय चाललं होतं तेही बघा. १८७९च्या एप्रिलात झारवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यानंतर मॉस्कोतून ज्यूंना बाहेर काढलं, त्यात लेवितान पण. गावाबाहेर साल्तिकोव्हकाला राहायला गेला. ज्या शहरात राहायची परवानगी नाही त्या शहरातली बाग काढतोय पोरगा. हे कळल्यावर मला ती वाट बाईशिवायही रिकामी वाटत नाही. पुढच्याच वर्षी मॉस्कोचा चित्रसंग्राहक त्रेत्याकोव्हने चित्र विकत घेतलं, आजही त्याच्याच गॅलरीत आहे.

आजोळ:
@काठावरचा, हे माहीत नव्हतं. तरी माझा अंगठा तुमच्या बाजूने नाही :)
अवांतर: सोकोल म्हणजे ससाणा. राजांचे ससाणे पाळणारे तिथे राहायचे म्हणून सोकोल्निकी.

बोरकूट:
सगळ्यांचे आभार. अंगठा लावून पाहिला, मग आईलाही लावायला सांगितला. तिने चष्मा घालून बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, ही कुठे जात नाहीये रे, घरात बसवेना म्हणून बाहेर पडलीय नुसती. आणि कार्ड घेऊन गेली, आता देवघराशेजारी लावलंय.