फिरताना वाक्यं आपोआप येतात, खुर्चीत बसलं की जातात. असं का होतं?

दुसरी_घंटा
नमस्कार मंडळी. आमचा हौशी ग्रुप आहे, दोन अंकी नाटक बसवतोय, प्रयोगाला पाच आठवडे आहेत. माझं काम आईचं, मोठं आहे. वाचनं संपून उभ्या तालमी सुरू झाल्यात आणि एक गोष्ट काही केल्या सुटत नाहीये. पहिल्या अंकात मी सतत कशात तरी असते, कपड्यांच्या घड्या घालते, खिडकी लावते, मुलीच्या मागे मागे जाते. तो अंक मी बसून पाठ असा केलाच नाही, तरी चौथ्या-पाचव्या तालमीला स्क्रिप्ट हातातून सुटलं. दुसऱ्या अंकात मात्र तीन पानं मी नुसती खुर्चीत बसून बोलते. ती रोज घरी घोकते, झोपताना अंधारात घडाघडा म्हणते, आणि तालमीत "तू विचारलंच नाहीस कधी" हे वाक्य आलं की त्याच्या पुढचं सगळं कोरं. एकदा नाही, सलग चार तालमी तिथेच.

दिग्दर्शक म्हणतात आधी शब्द पक्के करा, हालचालींचं नंतर बघू. मला उलटं वाटतंय पण बोलायला आधार नाही. खरंच हालचालीमुळे लक्षात राहतं का? आणि जिथे हालचालच नाही तिथे करायचं काय?

कोरा_रंगमंच
मी बरीच वर्षं नाटकं बसवतोय, तुमच्या बाजूने आहे. मी नटांना अर्धवट पाठांतरावरच उभं करतो, स्क्रिप्ट हातात, कानाला पेन्सिल. कारण घरी एकट्याने घोकताना आपण शब्द पाठ करत नाही, शब्दांची चाल पाठ करतो. एक लय बसते, तिच्यावर वाक्यं घरंगळत जातात, आणि तालमीत समोरच्याने त्याचं वाक्य जरा उशिरा टाकलं किंवा वेगळ्या सुरात टाकलं की लय तुटते आणि लयीबरोबर शब्दही जातात. तुम्ही अंधारात घडाघडा म्हणता ते हेच.

एक उदाहरण देतो. आमच्या एका नाटकात नटाला चार वाक्यं होती, चारही बायकोला दिलेली कारणं, आणि तो दुसरं-तिसरं हमखास उलटंपालटं करायचा. पाठांतर चोख, तरी. मग टेबलावर किल्ल्यांचा जुडगा ठेवला. पहिलं वाक्य तिच्याकडे बघून, दुसऱ्याला हात किल्ल्यांकडे जातो, तिसऱ्याच्या आधी तिचा चेहरा दिसतो आणि हात तिथेच थांबतो, चौथ्याला हात मागे. त्या दिवसानंतर एकदाही चुकला नाही. पण नीट बघा, हात गेला तो त्याला तिथून निघायचं होतं म्हणून गेला. मी नुसतं "दुसऱ्या वाक्याला हात उचल" सांगितलं असतं तर वाक्याबरोबर हातही पाठ करावा लागला असता, ओझं वाढलं असतं.

म्हणून खुर्चीतल्या पानांना माझा प्रश्न असा की "विचारलंच नाहीस कधी" म्हटल्यावर आईला काय हवंय? तक्रार तिथे संपते का? मुलीने थांबावं असं वाटतं का? चार वेळा एकाच जागी गाडी अडते तेव्हा बहुतेक वेळा तिथे विचार वळलेला असतो आणि आपण तो न वळवता सरळ पुढचं वाक्य शोधत असतो.

पेशी_आणि_प्रवेश
हालचालीचा आधार मागताय तर आहे. हेल्गा नॉइस आणि टोनी नॉइस या जोडप्याने नटांच्या स्मरणशक्तीवर खूप वर्षं काम केलंय, ती संशोधक आणि तो स्वतः नट-दिग्दर्शकसुद्धा. हालचालीसह आणि हालचालीशिवाय म्हटलेल्या संवादांवर त्यांनी अभ्यास केला. नट ज्या वाक्यांना रंगमंचावर हालत होते ती वाक्यं, एका जागी उभं राहून किंवा बसून म्हटलेल्या वाक्यांपेक्षा जास्त लक्षात राहिली होती. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे, की आठवताना ते हालत नव्हते तरीही. म्हणजे हालचाल ही नुसती प्रयोगाच्या वेळची कुबडी नाही, शिकतानाच ती वाक्यात मुरते.

त्याच्याही आधी, १९८० च्या सुमारास, मानसशास्त्रात साध्या गोष्टींवर प्रयोग झाले होते. "काडी मोड" असं नुसतं ऐकलेली माणसं आणि खरंच काडी मोडलेली माणसं यांच्यात खरंच मोडणाऱ्यांना जास्त आठवायचं. नाटकात फरक असा की आपण शब्दांचा अभिनय करत नाही, "मी दमले" म्हणताना कोणी दमल्याची खूण करत नाही, खिडकी लावतो. तरी फायदा होतो, कारण खिडकी लावण्यामागे आणि वाक्यामागे हेतू एकच असतो. वरच्या किल्ल्या तेच सांगतायत. आणि दिग्दर्शकांना सांगायचंच असेल तर हेही सांगा की रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्की आधी महिनोन्महिने टेबलाभोवती बसून संहितेची चिरफाड करायचे, पण शेवटच्या वर्षांत (१९३८ ला गेले ते) त्यांनी नटांना लवकर उभं करून शारीरिक कृतीतून भूमिकेत शिरायला लावायला सुरुवात केली.

विंगेतली_वही
मी नट नाही, प्रॉम्प्टर आहे, विंगेतून अडलेलं वाक्य सुचवणारी. माझ्या कॉपीत कोण कुठे अडकलं याच्या पेन्सिलीने खुणा असतात, आणि दर नाटकात त्या खुणा साधारण त्याच प्रकारच्या जागी पडतात. एक म्हणजे सारखंच क्यूचं वाक्य (समोरच्याचं, ज्यावर आपण बोलायचं ते) दोनदा येतं तिथे, दुसऱ्या वेळी नट पहिल्या ठिकाणचं पुढचं वाक्य म्हणतो आणि चार पानं मागे जातो. दुसरी जागा म्हणजे मोठी हालचाल संपून माणूस नुकताच बसतो तिथे. आणि तिसरी तुमची, लांब बसून बोलण्याची.

पण ताई, एक विचारते. तुम्ही बसलेल्या आहात, मुलगी काय करते त्या तीन पानांत? ती उभी असेल, फिरत असेल, काहीतरी हातात असेल. तिची हालचालसुद्धा तुमचीच खूण आहे. मी विंगेतून बघते ना, समोरचा नट नेहमीच्या जागी नसला की बोलणारा अडकतो, आणि तो जागेवर आला की मी तोंड उघडायच्या आधी वाक्य येतं. घरी पाठ करताना ती मुलगी खोलीत नसतेच. तेव्हा पुढच्या तालमीत तुमची वाक्यं सोडा, तिच्या जागा लिहून काढा.

लेव्हल_नंबर_तीन
सगळ्यांशी सहमत आहे पण दुसरी बाजू सांगितलीच पाहिजे कारण माझं त्यात नुकसान झालंय. मी सगळी वाक्यं हालचालीवर टांगली होती, दाराकडे तीन पावलं म्हणजे अमुक वाक्य, असं. एका प्रयोगाला स्टेज लहान निघालं, दार दुसऱ्या बाजूला गेलं, तीन पावलांची दोन झाली आणि मी अख्खा प्रवेश चाचपडत केला, सहकलाकारांनी सांभाळलं. तेव्हापासून शेवटच्या आठवड्यात आम्ही सगळे जमिनीवर गोल बसून नुसती वाक्यं भराभर म्हणतो, अभिनय नाही, हालचाल नाही, कोणी थांबलं की पुन्हा मागून. शिवाय मी घरी कपडे वाळत घालताना म्हणतो, म्हणजे हात भलत्याच कामात असतानाही वाक्य येतंय का ते कळतं. शिकायचं हालचालीतून, पण तपासायचं तिच्याशिवाय.

कोरा_रंगमंच
@लेव्हल_नंबर_तीन बरोबर आहे, आणि पावलं मोजली की हे होतंच. दाराकडे जायचं ते दोन पावलांत असो की पाचात, जायचं का आहे ते पक्कं असलं की वाक्य टिकतं. पण गोल बसून म्हणायची तालीम आम्हीही कधी सोडत नाही.

दुसरी_घंटा
सगळ्यांचे मनापासून आभार. काल तालीम झाली, लगेच लिहितेय. @विंगेतली_वही तुमचं ऐकून मुलीच्या जागा लिहायला बसले आणि लक्षात आलं की "तू विचारलंच नाहीस कधी" म्हणताना मी जमिनीकडे बघत होते, आणि बरोबर त्याच वेळी ती माझ्याकडे पाठ फिरवून बॅगेची चेन लावते. मी ते इतक्या तालमींत कधी पाहिलंच नव्हतं! माझं पुढचं वाक्य आहे "थांब, पावसात कुठे निघालीस", ते त्या चेनच्या आवाजाला दिलेलं उत्तर आहे. घरी चेन वाजत नाही म्हणून मी ते नुसतं आधीच्या वाक्याची शेपटी म्हणून पाठ केलं होतं.

दिग्दर्शकांना विचारून एवढंच केलं की चेन वाजली की माझा हात खुर्चीच्या हातावर घट्ट होतो, उठायला म्हणून शरीर थोडं पुढे येतं, पण मी उठत नाही. बाहेरून फार काही दिसत नसेल. दोनदा पूर्ण पान न अडकता गेलं, तिसऱ्यांदा ते म्हणाले की हे ठेवा, आणि बाकीच्या दोन पानांसाठी उद्या आम्हा दोघींना अर्धा तास आधी बोलावलंय. तिसऱ्या पानावर अजून एक जागा आहे, तिथे ती खिडकीपाशी नुसती उभी असते, काहीच करत नाही, आणि माझी सलग सहा वाक्यं आहेत. तिथे कोणी काय केलं असतं ते सांगा, उद्या करून बघते.