स्पॅनिश नामांचं लिंग आणि अनेकवचन: कान कसा तयार करायचा? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

दोन महिन्यांपासून संध्याकाळच्या वर्गात स्पॅनिश शिकते आहे. उच्चार जमतायत, क्रियापदंही हळूहळू डोक्यात बसतायत, पण नामांच्या लिंगापाशी रोज अडखळते. पुढच्या महिन्यात पहिल्या पातळीची परीक्षा आहे, म्हणून इथे विचारते.

सुरुवातीला नियम सोपा वाटला. शेवटी 'ओ' असेल तर पुल्लिंग, त्याला 'एल' लावायचं. 'आ' असेल तर स्त्रीलिंग, तिला 'ला'. एल लिब्रो म्हणजे पुस्तक, ला मेसा म्हणजे टेबल. मग हात निघाला ला मानो आणि दिवस निघाला एल दिया. गृहपाठात मी 'ला प्रोब्लेमा' लिहिलं, तर बाईंनी 'ला'भोवती लाल गोल करून वर 'एल' लिहिलं. पाणी तर एल आग्वा, पण गार पाणी म्हणताना 'एल आग्वा फ्रिया', म्हणजे विशेषण स्त्रीलिंगी! हे का, ते मला अजून उमगलेलं नाही.

अनेकवचनातही एक गोष्ट मनाला लागली. मला एक मुलगा, एक मुलगी. मी लिहिलं, 'तेंगो उन इहो इ उना इहा'. ते बरोबरच आहे, पण दोघांना मिळून 'दोस इहोस' म्हणतात, असं बाई म्हणाल्या. इहो म्हणजे मुलगा. मग माझी लेक त्यात कुठे दिसते?

मराठीत भिंत 'ती' आणि दगड 'तो' हे मी कधी पाठ केलं नाही. तसा कान स्पॅनिशसाठी कसा तयार होईल? ज्यांनी ही भाषा शिकली आहे, त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, मुळात आपला कानच उलटा लागलेला असतो. घोडा, आंबा, रस्ता: मराठीत आकारान्त नाम बहुतेक 'तो' असतं. स्पॅनिशमध्ये तोच 'आ' बहुधा स्त्रीलिंगाची खूण. त्यामुळे नुसता शब्द कधीच पाठ करू नका. वहीत 'मानो' लिहूच नका, 'ला मानो' असा एकच शब्द आहे असं समजून लिहा आणि मोठ्याने म्हणा. सोबत एक विशेषण जोडा: एल मापा नुएवो, ला मेसा रोहा. चार-सहा आठवड्यांत 'ला मापा' आपोआप खटकायला लागतं. माझं तसंच झालं.

प्रोब्लेमा, सिस्तेमा, क्लिमा, इदियोमा हे शब्द मूळ ग्रीक. तिथे ते नपुंसकलिंगी होते. स्पॅनिश नामांना नपुंसकलिंगच उरलं नाही, म्हणून ते पुल्लिंगात गेले. पण 'मा' दिसला की 'एल' असं धरू नका. पलंग म्हणजे ला कामा.

आग्वा स्त्रीलिंगीच आहे. नाम 'आ'ने सुरू होत असेल आणि जोर त्याच 'आ'वर असेल, तर लगेच आधी येणारं 'ला' बदलून 'एल' होतं. जुन्या स्पॅनिशमध्ये स्त्रीलिंगी रूप 'एला' होतं. पुढच्या 'आ'त त्याचा शेवटचा 'आ' मिसळला आणि 'एल' उरलं. म्हणून अनेकवचनात लास आग्वास, आणि मध्ये शब्द आला की ला मिस्मा आग्वा. अमिगामध्ये जोर 'मि'वर आहे, म्हणून ला अमिगा.

अनेकवचन त्यामानाने सरळ. शेवटी स्वर असेल तर 'स', व्यंजन असेल तर 'एस': सिउदाद, सिउदादेस. लुस (उजेड) लिहिताना शेवटी झेड असतो, लुसेसमध्ये त्याचा सी होतो. कान्सियोनच्या 'ओ'वरचं आघातचिन्ह कान्सियोनेसमध्ये जातं. लुनेस म्हणजे सोमवार. एक असो की दहा, नाम तेच, फक्त एल लुनेसचं लोस लुनेस होतं. आपल्या 'एक दगड, दहा दगड'सारखं.

प्रतिसाद २

लेकीबद्दल सांगतो. आपण 'एक मुलगा, एक मुलगी, मिळून दोन मुलं' म्हणतो, कारण मराठीजवळ नपुंसकलिंग आहे. स्पॅनिशजवळ ते नाही, म्हणून मिश्र गटाला पुल्लिंगी अनेकवचन. आई-वडील दोघं मिळून लोस पाद्रेस, आणि पाद्रे म्हणजे वडील. फक्त मुली असतील तरच इहास.

पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आलेले शब्दही कामी येतात, कारण त्या दोन भाषा बहिणी. चावी, ला याबे. साबण, एल हाबोन. पाव, एल पान. तिन्हींचं लिंग जुळतं. बटाटा मात्र मराठीत येऊन 'तो' झाला. स्पेनमध्ये तो ला पताता. लॅटिन अमेरिकेत ला पापा म्हणतात, तिथे 'एल' लावलंत तर पोप होईल!

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. आकारान्ताचं वाचलं आणि दोन महिन्यांच्या चुका डोळ्यांपुढे आल्या. बहुतेक तिथल्याच आहेत. आज वहीत नवं पान काढून पहिली ओळ लिहिली: एल आग्वा फ्रिया, लास आग्वास फ्रियास. अजून एकच विचारते. फोटोला 'ला फोतो' का? शेवटी तर 'ओ' आहे.

प्रतिसाद १

पूर्ण शब्द ला फोतोग्राफिया. तोडून लहान केला तरी लिंग मूळ शब्दाचंच राहतं. मोटरसायकलही त्याच कारणाने ला मोतो. अनेकवचन लास फोतोस, लास मोतोस.