१९२० मधलं जालंधरचं बंड राहिलंच की

आयर्लंडच्या ब्रिटिशांविरुद्धच्या स्वातंत्र्यलढ्यात १९२० म्हणजे फक्त ब्लडी संडे (डब्लिनच्या मैदानात ब्रिटिशांनी गोळीबार केला तो रविवार) असं कोणीतरी लिहिलंय. २१ नोव्हेंबरला त्या क्रोक पार्क मैदानावर टिपरेरीचा मायकल होगन मॅच खेळता खेळता गोळी लागून गेला हे खरंच, पण त्याच वर्षी आपल्याकडे जालंधरला काय झालं ते कोणी काढलंच नाही! कॉनॉट रेंजर्स ही ब्रिटिश आर्मीतली आयरिश पलटण, घरून बातम्या येत होत्या की ब्लॅक अँड टॅन्स (ब्रिटिशांनी आयर्लंडमध्ये पोलिसांत भरलेले जादा शिपाई) गावात धुमाकूळ घालतायत, म्हणून २८ जूनला या पोरांनी सरळ ड्युटी करायलाच नकार दिला, मग लोण सोलनला पोचलं, तिथे याच पलटणीतल्या जेम्स डेलीच्या टोळीने शस्त्रागारावर चाल केली नि त्यात त्यांचेच दोघं मेले. बाकीच्यांच्या मृत्युदंडाची जन्मठेप वगैरे झाली, डेलीला मात्र २ नोव्हेंबरला सोलनजवळच्या डगशाईच्या जेलात गोळ्या घातल्या. आदल्याच दिवशी डब्लिनमध्ये १८ वर्षांच्या आयरिश बंडखोर केविन बॅरीला फाशी, आणि त्याच्या आठवडाभर आधी कॉर्कचा महापौर टेरेन्स मॅकस्विनी ७४ दिवसांच्या उपोषणाने लंडनच्या ब्रिक्स्टन जेलात गेलेला. इंग्रजांना टायमिंगची अक्कल नव्हती एवढंच म्हणतो. डेलीचे अवशेष आयर्लंडला नेले ते थेट १९७० मध्ये.